तपासणीचा खाडा

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झालं तेव्हापासून ही तारीख ठरलेली आहे. सोलापुरातल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारी बाई चौथ्या महिन्यात या तपासणीला जायचं म्हणते, तेव्हा तिच्यापुढे पहिला प्रश्न रजेचा असतो. मातृत्व लाभ कायदा तिला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा देतो. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. गर्भपात झाला तर सहा आठवडे, गरोदरपणामुळे आजार उद्भवला तर आणखी एक महिना, आणि कामावर परतल्यावर बाळाला पाजायला दिवसातून दोन वेळा सवड. १९६१ चा हा कायदा, जो २०२५ पासून श्रमसंहितेत सामावला गेला, पुष्कळ बारकाईने लिहिलेला आहे. पण चौथ्या, पाचव्या, सहाव्या महिन्यात वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायला जे तीन-चार तास लागतात, ते या कायद्यात कुठेही नाहीत. एका सरकारी खात्याने तिला बोलावलं आहे आणि दुसऱ्या खात्याच्या कायद्याने तिला सोडलेलं नाही.

मग ती दुसऱ्या दिवशी येऊन सांगते, ताप आला होता.

ज्याने म्हणून नोकरी केली आहे, त्याने ही वाक्यं ऐकली आहेत किंवा म्हटली आहेत. पोट बिघडलं होतं. अंगात कणकण होती. चक्कर आली म्हणून पडून होतो. प्रत्यक्षात तो माणूस साखर तपासायला गेलेला असतो, दात काढायला गेलेला असतो, आईला घेऊन सिव्हिलच्या रांगेत उभा असतो किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलेला असतो. त्याला सिक लीव्ह असेल तर तो ती घेतो आणि मनात चोरटेपणा बाळगतो. साहेबालाही संशय असतो. आजारी नसताना आजारपणाची रजा घेणं हा अप्रामाणिकपणा आहे, असं दोघंही धरून चालतात. माझं म्हणणं याच्या बरोबर उलटं आहे. आजारपणाच्या रजेचा यापेक्षा योग्य उपयोग दुसरा नाही. जो कायदा, जी नियमावली किंवा जो साहेब हा उपयोग नाकारतो, तो माणसाला आधी आजारी पडायला आणि मग रजा मागायला सांगतो आहे.

हे असं का झालं, ते समजायला रजेचा इतिहास थोडा पाहावा लागतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत आहे. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती आणि ती फारशी कुणाला आठवत नाही. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ सालची. या अर्जातलं दुखणं सोलापूरच्या कामगारालाही ठाऊक होतं: हात यंत्रात गेला, ताप चढला, माणूस उठू शकत नाही, म्हणून हजेरी पडत नाही आणि म्हणून चूल पेटत नाही.

पुढे साठ वर्षांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगण्यात आलं. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. त्या काळासाठी ही फार मोठी झेप होती. आज या योजनेत आजारी कामगाराला सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. क्षयासारख्या दीर्घ आजारांत ८० टक्के, आणखी लांब मुदतीसाठी. हे ज्यांनी घडवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्यासमोरचा आजारी माणूस एका विशिष्ट प्रकारचा होता. तो अंथरुणावर होता. म्हणून कायद्याने आजारपणाची व्याख्या करताना दोन अटी एकत्र बांधल्या: उपचारांची गरज हवी आणि त्या कारणाने काम बंद ठेवणं वैद्यकीयदृष्ट्या भाग हवं.

आजचा आजारी माणूस या व्याख्येत बसत नाही. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, दमा, औषधावर असलेला क्षय, एआरटीच्या औषधांवर असलेला एचआयव्ही, हृदयात स्टेंट घातलेला माणूस, ही सगळी मंडळी कामावर आहेत. काम बंद ठेवायची त्यांना मुळीच गरज नसते. त्यांना महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा काही तास डॉक्टरसमोर जावं लागतं, इतकंच. ते तास मिळाले तर ती माणसं अंथरुणाला खिळत नाहीत. नाही मिळाले, तर काही वर्षांनी ती त्या व्याख्येत नेमकी बसतात, कारण तोवर मूत्रपिंड गेलेलं असतं. आजार बदलले आणि रजा मात्र गिरणीच्या काळातल्या तापावरच थांबली.

ईएसआयचा एक नियम पाहा. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलं, तरच ही अट सुटते. किरकोळ कारणाने लोक पैसे उचलतील या भीतीपोटी हा नियम आला असणार. पण महिन्यातून एकदा तपासणीला जाणाऱ्याचं काय होतं ते बघा. त्याचा खाडा एकच दिवसाचा, म्हणून दोन दिवसांच्या अटीत अडकतो. पुढचा खाडा तीस दिवसांनी, म्हणून पंधरा दिवसांची सवलतही लागत नाही. तो वर्षात बारा वेळा गेला तरी बाराही वेळा त्याला काही मिळत नाही. २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के रक्कम दर महिन्याला या योजनेत जमा होते. नेमाने औषध घेणारा आणि नेमाने तपासणी करणारा कामगार हा या योजनेचा सगळ्यात कमी खर्चाचा सभासद असतो, आणि त्याच्याच वाट्याला बुडालेल्या रोजापोटी काही येत नाही.

आता बार्शीकडे वळतो. या वादात मला सगळ्यात मोठा आधार आमच्याच जिल्ह्यातल्या एका कामाचा वाटतो. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राबरोबर आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या लिऑन इथल्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक अभ्यास केला. १९९९ साली सुरुवात झाली. गावं ४९७, बायका १,३१,७४६, सगळ्या ३० ते ५९ वयाच्या आणि धडधाकट. गावांचे चार गट पाडले. एका गटातल्या बायकांची गर्भाशयमुखाची एचपीव्ही चाचणी केली, आयुष्यात एकदाच. दुसऱ्या दोन गटांत वेगळ्या पद्धतीच्या तपासण्या झाल्या, चौथ्या गटात नेहमीचीच व्यवस्था राहिली. आठ वर्षं पाठपुरावा झाला आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ बायका गेल्या. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४, आणि हा गट संख्येने त्या गटापेक्षा थोडा मोठाच होता. दुसऱ्या दोन पद्धतींनी इतका फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. पण या एका चाचणीने, एका वेळच्या तपासणीने, मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या वैद्यकीय धोरणांत आज त्या निष्कर्षाचा आधार घेतला जातो. ही गावं तुमच्या-आमच्या एसटीच्या रस्त्यावरची आहेत.

या अभ्यासाचा रजेशी संबंध काय? ज्या बाईचा जीव त्या चाचणीने वाचला, ती त्या दिवशी आजारी नव्हती. हा कर्करोग होण्याआधी पेशींमध्ये वर्षानुवर्षं बदल होत राहतात आणि त्या सगळ्या काळात बाई शेतात राबते, भाकऱ्या थापते, कारखान्यात जाते. तिला काही दुखत नाही. दुखू लागतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणजे तिच्यासाठी दवाखान्यात जाण्याचा सगळ्यात मोलाचा दिवस तोच, ज्या दिवशी कुठल्याही नियमाप्रमाणे ती आजारी नसते. त्या अभ्यासात तपासणी गावांच्या दारापर्यंत गेली. नोकरी करणाऱ्या बाईला तपासणीच्या दारापर्यंत स्वतः जावं लागतं आणि तिचा रोज बुडतो.

असंच डोळ्यांचं. मधुमेह असलेल्या माणसाने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, असं डॉक्टर सांगतात. त्यासाठी डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि पुढचे चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं. यंत्रमागावर तुटलेला धागा पकडून जोडणारा कामगार त्या अवस्थेत कामाला लागू शकत नाही. म्हणजे त्याचा अख्खा दिवस जातो. त्याची उपजीविका डोळ्यांवर आहे, म्हणून ती तपासणी त्यालाच सगळ्यात जास्त हवी आहे, आणि तीच त्याला परवडत नाही. पडद्यातून रक्तस्राव होईपर्यंत तो थांबतो.

सोलापूरच्या बाबतीत हा प्रश्न आणखी बिकट का होतो? कारण इथल्या फार मोठ्या कष्टकरी वर्गाला पगार दिवसावर किंवा महिन्यावर मिळतच नाही. तो नगावर मिळतो. विडी कामगार बायकांचंच घ्या. पानं आणि तंबाखू घरी आणायची, विड्या वळायच्या, कट्टे बांधून कारखान्यात जमा करायचे, मजुरी हजार विड्यांमागे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा होती. पण घरी बसून वळणाऱ्या बाईच्या आयुष्यात रजा घेण्याचा क्षण येत नाही. ती सकाळी दवाखान्यात गेली तर न वळलेल्या विड्या रात्री वळते. पाठदुखी दाखवायला गेलेली बाई त्याच रात्री दोन तास जास्त वाकून बसते. तिच्या खाड्याची नोंद कुठल्याही मस्टरवर होत नाही. तो तिच्या झोपेतून वसूल होतो. विडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी विड्यांवर एक सेस १९७६ पासून घेतला जायचा. तो २०१७ साली जीएसटी आल्यावर बंद झाला. दवाखाना हवा आणि दवाखान्यात जायला सवडही हवी, या दोन गोष्टींतली पहिली अशी लंगडी झाली आणि दुसरी कधी कुणी मागितलीच नाही.

यंत्रमागाचं चित्र थोडं वेगळं, पण निकाल तोच. चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यांचं नाव देशभर आहे. तो टॉवेल विणणारा माणूस लांबलचक पाळीत उभा असतो आणि त्याचा हिशेब मालावर होतो. लहान लहान कारखाने, त्यांतही कामगारांची संख्या कागदावर कमी, त्यामुळे कायदा दारातच अडतो. जिथे तो लागू आहे तिथेही हजेरी बोनसची पद्धत असते: महिन्यात एकही खाडा नसेल तर ठरावीक रक्कम जास्त मिळते. एका दिवसाच्या तपासणीत रोजही जातो आणि महिनाभराचा बोनसही. नियमित येणाऱ्याला चार पैसे जास्त मिळावेत यात गैर काही नाही. पण तपासणीचा दिवस त्यात मोजला, तर ते तब्येतीकडे दुर्लक्ष करण्याचं बक्षीस होतं, हे मालकांनी लक्षात घ्यायला हवं.

दुकानं आणि शोरूममधल्या मुलामुलींची स्थिती आणखी विचित्र आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत आणि वीस दिवसांमागे एक अर्जित रजा आहे. आजारपणाची म्हणून वेगळी रजा नाही. थोडी माणसं असलेल्या लहान दुकानांना तर रजेची ही कलमंही लागू नाहीत. आठ किरकोळ रजांतच घरचं लग्न, कुणाचं दहावं, मुलाचा दाखला, गड्ड्याच्या जत्रेचा एखादा दिवस आणि दवाखाना, सगळं बसवायचं. इथून शंभरेक किलोमीटरवर, विजयपूर किंवा कलबुर्गीत जा. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकान कायद्यात अर्जित रजेशिवाय वर्षाला बारा दिवसांची पगारी रजा आहे, आणि ती आजारपण, अपघात किंवा इतर कुठल्याही रास्त कारणासाठी घेता येते. रास्त कारणात तपासणी सहज येते. त्या दोन्ही शहरांतले लोक उपचारांसाठी सोलापूरला येतात. म्हणजे सोलापूरच्या एखाद्या दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर विजयपूरच्या दुकानातला नोकर कायद्याने मिळालेल्या पगारी रजेवर बसलेला असू शकतो आणि त्याच्या शेजारी सोलापूरच्या दुकानातला नोकर बिनपगारी. कामगार चळवळीत पुढे असल्याचा आपल्याला अभिमान आहे. हा फरक सीमेच्या या बाजूला का असावा?

सरकारी नोकरांबद्दल थोडक्यात. त्यांना वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा आहे, वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण पगारी करून घेता येते, शिवाय आठ नैमित्तिक रजा, आणि २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा. महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. हे सगळं त्यांना मिळतं याबद्दल मत्सर करण्याचं कारण नाही. माणसाला माणसासारखं वागवायला एवढं लागतं, हे सरकारने स्वतःच्या नोकरांच्या बाबतीत मान्य केलेलं आहे. बाकीच्यांच्या बाबतीत मान्य करायचं राहिलं आहे.

यात आणखी एक माणूस आहे, ज्याचा विचार आपल्या कुठल्याच कायद्यात नाही: सोबत जाणारा. आपल्याकडे दवाखान्यात एकट्याने जाता येत नाही. केस पेपर काढायला एक खिडकी, औषधाला दुसरी, रक्त द्यायला तिसरी, आणि म्हाताऱ्या माणसाला एका जागी बसवून कुणीतरी धावपळ करावी लागते. अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून आलेल्या पेशंटबरोबर मुलगा किंवा सून असतेच. डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास यंत्राला जोडलेला असतो; त्याच्याबरोबर येणारा माणूसही तितकेच तास बाहेर बसतो. एका आजारात दोन रोज बुडतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यात २०१५ पासून लागू असलेल्या कायद्याने आजारपणाची पगारी रजा तपासणीसाठी, आजार होऊ नये म्हणून घ्यायच्या उपचारांसाठी आणि कुटुंबातल्या माणसाच्या दवाखान्यासाठीही घेता येते. कुटुंबव्यवस्थेचा एवढा गौरव करणाऱ्या आपल्या समाजात मुलाने आईला डॉक्टरकडे नेणं हे रजेचं कारण ठरू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आक्षेपांकडे. पहिला नेहमीचा: लोक गैरफायदा घेतील. काही जण घेतील. आजही घेतात, आणि आजची पद्धत त्यांनाच सोयीची आहे. पैसे देऊन आजारपणाचं प्रमाणपत्र मिळवणं कठीण नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खोटं सांगायला लावणारा नियम निगरगट्टाला अडवत नाही, तो भिडस्त माणसाला अडवतो. तपासणीचा पुरावा तर प्रमाणपत्रापेक्षा सोपा आहे: त्या दिवसाची तारीख आणि वेळ असलेला, शिक्का मारलेला ओपीडीचा कागद. त्यावर आजाराचं नाव असण्याची गरज नाही, आणि ते मागूही नये. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संसर्गाची माहिती सक्तीने उघड करायला लावण्यावर बंधन घातलं आहे, मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. जो माणूस दर महिन्याला एआरटी केंद्रात जातो, त्याने मुकादमाला काय कारण सांगायचं? 'तपासणीला गेलो होतो' एवढं पुरेसं मानलं गेलं, तरच तो औषध न चुकवता घेईल.

दुसरा आक्षेप: रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी जावं. रविवारी सरकारी ओपीडी बंद असते, खासगी तज्ज्ञही बहुधा नसतात. उपाशीपोटी रक्त सकाळी द्यायचं, जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा द्यायचं, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना दाखवायचं, हे वेळापत्रक रुग्णाने ठरवलेलं नाही. मात्र या आक्षेपात अर्धं सत्य आहे आणि ते मी मान्य करतो: दवाखान्यांनीही वेळ बदलली पाहिजे. २०२३ च्या महाराष्ट्र दिनी राज्यभर जे 'आपला दवाखाना' सुरू झाले, त्यांची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा ठेवली गेली. कामावरून सुटलेल्या माणसाला गाठता येईल अशी ती वेळ आहे आणि ही कल्पना उत्तम आहे. ईएसआयच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या ओपीडी आठवड्यातून दोन संध्याकाळी चालल्या, तर पुष्कळ खाडे आपोआप टळतील. तरी सोनोग्राफी, एंडोस्कोपी, डोळ्यांचा पडदा यांना दिवस लागणारच.

तिसरा आक्षेप लहान मालकाचा आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो, कारण सोलापुरात सहा-आठ मागांचा मालकही सुखात नाही. सुताचा भाव, विजेचं बिल, इचलकरंजी आणि भिवंडीची स्पर्धा. त्याला आणखी एक पगारी रजा कशी परवडेल? हिशेब करून पाहू. वर्षातून चार वेळा अर्धा दिवस म्हणजे दोन दिवस. कामाचे दिवस तीनशे धरले तर हा खर्च मजुरीच्या एक टक्क्याहूनही कमी, साधारण टक्क्याचा दोन-तृतीयांश. कामगार स्वतः ईएसआयमध्ये दर महिन्याला भरतो तो पाऊण टक्का याहून जास्त आहे. म्हणून हा भार मालकावर न टाकता ईएसआयने उचलावा: ओपीडीच्या कागदावर अर्ध्या दिवसाचा रोज, दोन दिवसांची अट न लावता. जिथे ईएसआय नाही तिथे कल्याणकारी मंडळांमार्फत. आज हाच पैसा पुढे डायलिसिसवर आणि अँजिओप्लास्टीवर जातो, कितीतरी पटींनी.

यात काही नवं किंवा क्रांतिकारक नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६९ सालच्या आपल्या १३४ व्या शिफारशीत स्पष्ट सुचवलं आहे की उपचारांसाठी किंवा आजार टाळण्यासाठी वैद्यकीय सेवा घ्यायला कामावर गैरहजर राहावं लागलं, तर बुडालेल्या कमाईची भरपाई मिळावी. ब्रिटनच्या कायद्यात गरोदर कामगार बाईला बाळंतपणापूर्वीच्या तपासण्यांसाठी पगारी वेळ मिळण्याचा हक्क आहे. आणि आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू करताना केंद्र सरकारने चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी देऊ केली आहे. कामगाराने धडधाकट असताना डॉक्टरसमोर जावं, हे तत्त्व त्यात मान्य झालं. पण तपासणीत साखर जास्त निघाली, तर पुढच्या तपासणीला, त्याच्या पुढच्या तपासणीला तो कुठल्या वेळात जाणार? निदान मोफत देऊन उपचारांची वेळ विकत घ्यायला लावली, तर ती तपासणी फाइलमध्येच राहील.

कामगार संघटनांकडूनही एक अपेक्षा आहे. या शहराने सामुदायिक मागणीतून काय मिळवता येतं ते दाखवलं आहे. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायकांनी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं मिळवली, २००६ साली पंतप्रधानांच्या हस्ते त्यांचं हस्तांतर झालं. पुढे रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पहिल्या पंधरा हजारांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. स्वतःच्या घराची मागणी पहिल्यांदा केली तेव्हा ती अशक्य वाटली असणार. त्या मानाने वर्षाला चार अर्धे दिवस ही लहान मागणी आहे. पण मागण्यांच्या पत्रकात मजुरीवाढ, बोनस आणि निवृत्तिवेतनाच्या खाली ती कधी दिसत नाही. ती लिहायला हवी. नगावर काम करणाऱ्या बाईसाठी तिचं रूपही ठरवता येईल: दवाखान्याच्या दिवशी तिच्या सरासरी विड्यांच्या निम्मी मजुरी जमा.

महाराष्ट्र सरकारने दुकान कायद्यात आणि श्रमसंहितांखालच्या आपल्या नियमांत एवढंच घालावं: वर्षाला किमान चार अर्धे दिवस तपासणीसाठी पगारी, तासांच्या हिशेबाने घेता येतील असे; गरोदर बाईला प्रत्येक नियमित तपासणीसाठी वेगळे; घरच्या माणसाबरोबर जायलाही चालतील असे; पुरावा म्हणून फक्त शिक्का आणि वेळ; आणि या वेळेमुळे हजेरी बोनस कापता येणार नाही अशी स्पष्ट अट.

हे होईल तेव्हा होईल. ज्यांच्या खात्यावर आज सिक लीव्ह शिल्लक आहे, त्यांनी ती तपासणीसाठी निःसंकोच घ्यावी आणि अर्जात ताप, कणकण काही न लिहिता 'वैद्यकीय तपासणीसाठी' असं सरळ लिहावं. आणि ज्यांच्या टेबलावर असा अर्ज येतो, त्यांनी दुसरा प्रश्न न विचारता त्यावर सही करावी.